तरुणांच्या मनाचा मेळा गावात भरवायचा असेल तर: आधी कोपरा, मग व्यासपीठ

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावात आम्ही काही मुलामुलींनी मिळून तरुणांच्या मानसिक आरोग्याविषयीचा एक दिवसाचा मेळा सलग दोन वर्षे भरवला. दुसऱ्या वर्षी जे जमले त्याचे बरेचसे श्रेय पहिल्या वर्षीच्या चुकांना आहे. त्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पहिल्या वर्षी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, आमच्यातलाच एक मित्र बारावीत नापास झाल्यानंतरच्या सहा महिन्यांविषयी रंगमंचावरून बोलत असताना, मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपापाशी एक मुलगा उभा होता. तो पेला भरत होता, ओतून टाकत होता आणि पुन्हा भरत होता. त्याची चप्पल भिजली होती, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. ध्वनिव्यवस्था सांभाळायला आमच्याकडे तीन माणसे होती, दिव्यांसाठी दोन होती, आणि त्या मुलाजवळ जाऊन बसायला मात्र आम्ही कोणालाही नेमले नव्हते. अखेर चहा वाटणाऱ्या एका काकीने किटली खाली ठेवली, त्याला खुर्चीत बसवले आणि ‘जेवलास कधी?’ असे विचारले. त्या एका प्रश्नावर ती वेळ निभावली. म्हणूनच या लेखातील पायऱ्यांचा क्रम तुम्हाला उलटा वाटेल. मंडप, पाहुणे आणि पत्रिका यांचा विचार इथे नंतर येतो.

1. मदतीचा कोपरा आधी ठरवा

मेळ्याची तारीख जाहीर करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ हवे: कार्यक्रम पाहताना एखाद्याच्या मनातले उसळून वर आले, तर त्याच्याजवळ कोण बसेल आणि दुसऱ्या दिवशी तो कोणाकडे जाईल? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते की वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. तुमच्या मेळ्याने लोकांना बोलते केले आणि पुढचा दरवाजा दाखवला नाही, तर ही दरी आहे तशीच राहते. उलट बोलून बसलेल्या माणसाला आपण उघडे पडलो, असे वाटते.

गोव्यात विचारायची ठिकाणे फार लांब नाहीत. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. ‘आयपीएचबी’ म्हटले की रिक्षावालाही नेऊन सोडतो. पर्वरीची ‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून या क्षेत्रात काम करते, आणि डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांनाही नीट प्रशिक्षण दिले तर ती समुपदेशन करू शकतात, हे तिच्या गोव्यातील संशोधनातून जगापुढे आले. शिवाय बऱ्याच विद्यालयांत समुपदेशक येतात. यांपैकी कोणाकडेही जाताना ‘आमच्या कार्यक्रमाला या’ एवढेच म्हणू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसायचे, एका वेळी किती जण येऊ शकतील आणि पुढच्या भेटीसाठी कोठे पाठवायचे, हे पत्रात स्पष्ट लिहा आणि उत्तरही लेखी घ्या. आम्ही पहिल्या वर्षी एका समुपदेशकांना फोनवर विचारले, त्यांनी फोनवरच होकार दिला, आणि आदल्या रात्री त्यांना दुसरे काम निघाले. यात त्यांचा दोष नव्हता. आमच्याकडे कागद नव्हता आणि पर्यायी माणूसही नव्हता. किमान दोन प्रशिक्षित व्यक्ती हव्यात, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी.

‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक 14416 असून ती चोवीस तास चालते. हा क्रमांक फलकावर छापण्यापूर्वी स्वतः लावून पाहा. फोन उचलल्यावर काय ऐकू येते, भाषा कशी निवडायची आणि माणसाचा आवाज यायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक असले, तरच घाबरलेल्या मुलाला ‘एक मिनिट थांब, आता उचलतील’ असे खात्रीने सांगता येते. त्यासोबत रुग्णवाहिकेचा 108, तातडीच्या मदतीचा 112 आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठीचा 1098 हे क्रमांकही प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशातील चिठ्ठीवर असावेत.

2. मेळा खरोखर तरुणांच्या हातात आहे का, ते तपासा

‘युवकांनी युवकांसाठी’ असे फलकावर लिहिणे सोपे असते. पैसे कोणाच्या खात्यात आहेत आणि वक्ता कोण हे अखेरीस कोण ठरवते, या दोन गोष्टी पाहिल्या की खरे काय ते समजते. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची एक सल्लागार मंडळी होती. तिला मत मांडण्याचा हक्क होता, पण निर्णय सोळा ते पंचवीस वयोगटातील अकरा जणांनी घेतले. हे आधी स्पष्ट केल्यामुळे काही काका रुसले खरे, परंतु नंतर मांडवाचे वासे बांधायला तेच पहाटे हजर होते.

नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने बँकेत खाते उघडणे सोपे नसते, आणि एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी गोळा करणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे होय. संस्था नोंदवायची झाल्यास किमान सात सदस्य, नियमावली आणि बरेच हेलपाटे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तो उद्योग नको. गावात आधीपासून नोंदणी असलेला क्रीडा क्लब, वाचनालय किंवा नाट्यमंडळ असतेच. त्याच्या खात्यातून व्यवहार करा, मात्र पावतीपुस्तक वेगळे ठेवा.

गट निवडताना केवळ भाषणे ठोकणारी मुले घेऊ नका. आमच्या गटात दहावीनंतर शिक्षण सोडलेला एक गॅरेजवाला मुलगा होता आणि वडील बोटीवर असल्यामुळे वर्षातले आठ महिने घर सांभाळणारी एक मुलगी होती. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, माणसाच्या घरी पैसा येतो, म्हणून त्या घरात ताण नसणार, असे गावाने गृहीत धरलेले असते. तसे नसते हे तिने पहिल्याच बैठकीत सांगितले, आणि मेळ्यातील निम्मे विषय त्या बैठकीत निघाले. मराठीतून चौथीपर्यंत शिकून पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात बसल्यावर पहिले वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुले तर आमच्यात चार होती.

3. तारीख: पाऊस, परीक्षा आणि जत्रा

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन असल्यामुळे प्रत्येकाला तीच तारीख सुचते. गोव्यात त्या दिवसांत परतीचा पाऊस मांडव भिजवू शकतो आणि महाविद्यालयांच्या सत्र परीक्षा डोक्यावर आलेल्या असतात. 12 जानेवारी हा राष्ट्रीय युवक दिन हवेच्या दृष्टीने उत्तम आहे. परंतु तो जत्रांचा हंगाम असल्यामुळे आसपासच्या चार देवस्थानांचे दिनदर्शक पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नका. शेजारच्या गावात जत्रा असेल, तर तुमच्याकडे माणूस फिरकणार नाही आणि ध्वनिव्यवस्थावालाही मिळणार नाही. फेब्रुवारीपासून बारावीच्या आणि त्यामागोमाग दहावीच्या परीक्षा, मग शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण. आम्ही दोन्ही वर्षे जानेवारीतील रविवार निवडला.

वेळेच्या बाबतीत आपल्या एका सवयीला मुरड घालावी लागते. रात्री दहाला पहिली घंटा आणि पहाटे शेवटचा पडदा, हे आपल्या उत्सवी नाटकांचे वेळापत्रक या मेळ्याला चालत नाही. एक तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि दुसरे म्हणजे झोपेचे महत्त्व सांगणारा कार्यक्रम मध्यरात्री करणे हास्यास्पद ठरते. दुपारी तीनला सुरुवात आणि रात्री साडेआठला शेवट, म्हणजे लांबच्या वाड्यांवरील मुली वेळेत घरी पोहोचतात आणि त्यांच्या घरचे पुढच्या वर्षी पाठवायला तयार होतात.

4. जागा आणि परवाने

जागेसाठी तीन पर्याय असतात: शाळेचे पटांगण, देवळाचा सभामंडप किंवा अग्रशाळा (देवळाशेजारची भाविकांच्या उतरण्याची इमारत), आणि पंचायतीचे सभागृह. शाळेचे पटांगण मोफत मिळते, पण शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडण्याची शक्यता असते, हे आधी विचारून घ्या. देवळाची जागा सर्वांच्या ओळखीची आणि आईवडिलांच्या विश्वासाची असते. मात्र ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांना तेथे मोकळे वाटेल का, हे त्यांनाच विचारा. आपणच परस्पर ‘त्यांना काही वाटणार नाही’ असे ठरवू नका. आम्ही याच कारणामुळे दुसऱ्या वर्षी पंचायतीच्या सभागृहात आणि त्याच्यापुढच्या मैदानात मेळा भरवला.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे तोंडी होकार. ‘करा रे, आम्ही आहोत ना,’ असे पंचाने रस्त्यात म्हटले म्हणजे परवानगी मिळाली, असे समजून आम्ही निर्धास्त राहिलो. नाहरकत दाखल्यासाठी अर्ज पंचायतीच्या बैठकीत यावा लागतो आणि बैठक रोज नसते. त्यामुळे किमान दीड महिना आधी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आवश्यकच आहे. तो अर्ज कोणत्या टेबलावर जातो, हे तुमच्या तालुक्याच्या मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, कारण सोबत कोणाचे दाखले जोडायचे याची यादी तेथेच मिळते. यादी न विचारता गेल्यामुळे मी एकाच कामासाठी कदंब बसने तीनदा खेपा घातल्या.

एका प्लास्टिकच्या फायलीत पुढील कागद मूळ प्रत आणि दोन छायाप्रती अशा रीतीने ठेवा:

- कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागा, अपेक्षित उपस्थिती आणि दोन जबाबदार प्रौढ व्यक्तींची नावे असलेला अर्ज
- जागेच्या मालकाचे, देवस्थान समितीचे किंवा संस्थेचे संमतिपत्र
- पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा नाहरकत दाखला
- पोलीस स्थानकाचा नाहरकत दाखला
- ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी
- तात्पुरती वीजजोडणी लागणार असल्यास वीज खात्याचे कागद
- ज्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने व्यवहार होणार तिचा ठराव
- समुपदेशकांचे लेखी संमतिपत्र
- अठरा वर्षांखालील प्रत्येक सहभागी मुलाच्या पालकांची सही
- छायाचित्र व ध्वनिचित्रफितीसाठी वेगळे संमतिपत्र

शेवटच्या दोन कागदांकडे दुर्लक्ष होते. पालकांची सही मेळ्यात भाग घेण्यासाठी असते. तिचा अर्थ आपल्या मुलीचे बोलणे फोनवर गावभर फिरावे याला संमती, असा होत नाही. म्हणून दोन कागद वेगळे ठेवा आणि दुसऱ्यावर मुलाचीही सही घ्या.

5. कार्यक्रमात काय असावे आणि काय नसावे

गोव्यात एक सोय अशी आहे की नाटक करायला कोणालाही शिकवावे लागत नाही. गावात पेटीवाला असतो, तबलजी असतो, रंगभूषा करणारा असतो, आणि संवाद पाठ करण्याची सवय तर लहानपणापासूनची असते. म्हणून मुख्य कार्यक्रम म्हणून पंधरा-वीस मिनिटांची दोन छोटी नाटुकली आणि प्रत्येक नाटुकल्यानंतर प्रेक्षकांशी गप्पा, ही रचना आमच्याकडे सर्वांत चांगली चालली. एक नाटुकले खाणबंदीवर होते. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा 2018 मध्ये थांबल्या, तेव्हा आमच्या भागातल्या किती तरी घरांपुढे ट्रक नुसते उभे राहिले, हप्ते चालूच राहिले आणि वडील बोलेनासे झाले. नाटुकल्यात मुलगा रोज सकाळी त्या उभ्या ट्रकची काच पुसतो, एवढेच दाखवले होते. नंतरच्या गप्पांत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘मी पुसायचो.’ पुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही खोदून विचारले नाही.

लेखकाला एक मोह हमखास होतो: शेवटच्या प्रवेशात नायकाने जीव द्यावा, दिवे मंद व्हावेत आणि चिठ्ठी वाचली जावी. हा प्रवेश काढून टाका. आत्महत्येची पद्धत, जागा किंवा चिठ्ठीतील मजकूर दाखवल्याने आधीच खचलेल्या प्रेक्षकाला धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आलेले आहे, आणि भारतीय प्रेस कौन्सिलनेही 2019 मध्ये वृत्तपत्रांसाठी याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. याउलट, संकटातून बाहेर पडलेल्या माणसाने कोणाची कशी मदत घेतली हे दाखवले, तर ते संरक्षक ठरू शकते. आमच्या लेखकमित्राने दोन दिवस वाद घातला, मग नवा शेवट लिहिला. त्यात नायक मित्राच्या घराची कडी वाजवतो आणि पडदा पडतो. नाटक म्हणूनही तो शेवट अधिक चांगला होता, असे माझे मत आहे.

स्वतःचा अनुभव सांगणारी व्यक्ती हा मेळ्याचा गाभा असतो, कारण माणूस समोर उभा राहून बोलला की जो पूर्वग्रह गळून पडतो तो पत्रके वाटून गळत नाही. मात्र त्या व्यक्तीला काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे आधी दोन बैठकांत तिच्याबरोबर ठरवा. अगदी माइक हातात घेतल्यावरही ‘नको’ म्हणण्याचा तिला हक्क आहे, हे सांगा, आणि त्यासाठी एक भजन किंवा घुमटवादन राखीव ठेवा.

स्पर्धा ठेवू नका. ‘माझा ताण’ या विषयावर आम्ही निबंधस्पर्धा ठेवली होती, आणि परीक्षकांनी सर्वांत करुण निबंधाला पहिला क्रमांक दिला. दुसरा क्रमांक मिळालेली मुलगी मला म्हणाली, ‘ताई, माझे दुःख कमी पडले का?’ मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचत नाही.

मेळ्यात मांडायच्या गाड्यांमध्ये, म्हणजे स्टॉलमध्ये, एक गाडा आबे फारिया यांच्या नावाचा ठेवा, असे मी आग्रहाने सुचवीन. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी, निजलेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला त्यांचा पुतळा आपण बसमधून कितीदा पाहतो. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा 1945 मध्ये उभा राहिला. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले की संमोहनाची निद्रा संमोहकाच्या अंगातील कुठल्या चुंबकशक्तीतून येत नाही, तर निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका मुलांना फार आवडते. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडील खालून कोंकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि मुलगा घडाघडा बोलू लागला. या गाड्यावर आम्ही एक छोटे स्टूल ठेवले होते. त्यावर उभे राहायचे, समोर टोपलीत ठेवलेल्या खऱ्या भेंड्या, तांबडी भाजी आणि वांगी यांच्याकडे पाहायचे आणि एक मिनिट बोलायचे. गर्दीसमोर घाम फुटणारी मुले इथे रांग लावून उभी होती. संध्याकाळी ती भाजी स्वयंपाकघरात गेली.

6. भाषा आणि पाहुणे

आपण गोव्यातले मराठी वाचक लिहितो-वाचतो मराठीतून, पण काळजात दुखले तर बोलतो बहुधा कोंकणीतून. पत्रक मराठीत काढा, मात्र गप्पा ज्या भाषेत येतील त्या भाषेत येऊ द्या. ‘नैराश्य’ हा शब्द ऐकून मुले गप्प बसली होती. ‘मन लागना’ किंवा ‘जीव उबगला’ म्हटल्यावर हात वर झाले. ‘पिसो’, ‘वेडा’, ‘डोक्यावर परिणाम झालेला’ हे शब्द रंगमंचावरून विनोदासाठीही येऊ देऊ नका, आणि निवेदकाला हे आधीच बजावून ठेवा, कारण घसरतो तो बहुधा निवेदकच.

घाडी (गावातला मांत्रिक), कौल आणि देवाचा प्रसाद यांवर टीका करण्यासाठी हे व्यासपीठ वापरू नका. आमच्याकडे कित्येक घरांत पहिली धाव तिकडेच असते. ‘देवाला गाऱ्हाणे घाला आणि डॉक्टरलाही दाखवा’, असे सांगितले की लोक ऐकतात. चेष्टा केली की ते उठून जातात आणि आपल्या मुलालाही घेऊन जातात.

पाहुणे कमी असावेत. समई पेटवायला मान्यवर हवेच असतील, तर त्यांना पाच मिनिटांची मर्यादा लेखी कळवा. ‘आमच्या काळी असले काही नव्हते, आम्ही नांगर धरत होतो,’ हे वाक्य कोणीतरी बोलणारच. त्यावर वाद न घालता पुढच्या वक्त्याला बोलवावे.

7. स्वयंसेवकांची तयारी

अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरते, पण ते टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतील तीन शब्द आम्ही पाठ केले: पाहा, ऐका, जोडा. कोण एकटा पडला आहे ते पाहायचे, तो बोलेल तेवढे ऐकायचे आणि समुपदेशकाशी जोडून द्यायचे. उपाय सुचवणे हे स्वयंसेवकाचे काम नाही. ‘सकारात्मक विचार कर’, ‘आईबाबांचा विचार कर’, ‘इतरांचे बघ, तुझे किती बरे आहे’ ही तीन वाक्ये आम्ही फळ्यावर लिहून त्यांवर फुली मारली होती.

कोणी जीव देण्याचे बोलला, तर घाबरून विषय बदलू नका. ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारल्याने माणसाला हलके वाटते. त्याला एकटे सोडू नका आणि समुपदेशकाला तेथेच बोलवा. पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने घरची माणसे लपवाछपवी करतात, म्हणून हे माहीत असू द्या: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

गुप्ततेचे वचन देताना मात्र जपून. ‘तू सांगितलेले कोणालाही कळणार नाही’, असे कधीही म्हणू नका. जिवाला धोका असेल तर सांगावेच लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 ते पोलिसांना कळवणे बंधनकारक करते. म्हणून बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगायचे: ‘तुझे बोलणे माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार केला आहे, असे वाटले, तर मी एका मोठ्या माणसाची मदत घेईन.’ हे वाक्य आम्ही सर्वांकडून मोठ्याने, कोंकणीत आणि मराठीत, दहा-दहा वेळा म्हणवून घेतले.

8. प्रत्यक्ष दिवशी

कोपरा कोठे असावा, यावर बराच विचार करा. पहिल्या वर्षी दुपारी आम्ही घाईघाईने शौचालयाजवळ एक टेबल मांडले होते आणि त्यावर ‘समुपदेशन कक्ष’ असा मोठा फलक लावला होता. दिवसभरात तिथे एकही माणूस आला नाही, कारण कोण जातो हे सगळ्या गावाला दिसत होते. दुसऱ्या वर्षी कोपरा चहाच्या गाड्याच्या मागच्या खोलीत ठेवला. चहा, कोकम सरबत आणि मिरची भजी घ्यायला सगळेच त्या दाराने जात होते. त्यांतले काही जण आत गेले आणि थोड्या उशिरा बाहेर आले. खोलीत दोन चटया, पंखा, पाण्याचा तांब्या आणि दाराकडे पाठ होईल अशा बेताने ठेवलेल्या खुर्च्या होत्या. फलक नव्हता, कोपऱ्याची माहिती निवेदक दर तासाला एकदा, इतर सूचनांबरोबर सहज सांगत होता.

निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवायची इच्छा प्रत्येक गटाला होते. ठेवा, परंतु दिवस संपल्यावर उघडण्यासाठी ठेवू नका. आम्ही पहिल्या वर्षी रात्री अकराला पेटी उघडली आणि एका चिठ्ठीवर जे लिहिले होते ते वाचून कोणालाही झोप लागली नाही. ती कोणाची, हे कळायला मार्गच नव्हता. आता पेटी दर अर्ध्या तासाने उघडतो, आणि चिठ्ठीच्या कोऱ्या कागदावर खाली छापलेले असते: ‘आमच्यातील कोणी तुमच्याशी बोलावे असे वाटत असेल, तर नाव किंवा फोन लिहा, किंवा चहाच्या गाड्यावर वाटीतला पिवळा मणी उचलून द्या.’ दुसऱ्या वर्षी चार मणी परत आले.

फाइल एका ठरलेल्या माणसाकडेच असू द्या. संध्याकाळी पोलीस आले, तेव्हा आमची फाइल दुचाकीच्या डिकीत होती आणि दुचाकी बर्फ आणायला गेली होती.

9. दुसऱ्या दिवसापासून

मेळ्यात बोललेल्या प्रत्येकाला चोवीस तासांच्या आत एक फोन करा, कारण टाळ्या थांबल्यावर ‘आपण उगाच सांगितले’ ही हुरहूर त्याच रात्री सुरू होते. कोपऱ्यात येऊन गेलेल्यांना मात्र तुम्ही फोन करू नका. ते काम, आणि त्यांची नावे ठेवणे, समुपदेशकांकडे असावे. स्वयंसेवकांचीही एक बैठक तिसऱ्या दिवशी घ्या, खायला रस ऑम्लेट आणि पाव मागवा, आणि कोणाला काय झेपले नाही ते बोलू द्या. आमच्यातला दिवे सांभाळणारा मुलगा या बैठकीत पहिल्यांदा बोलला.

चिठ्ठ्या समुपदेशकांनी वाचल्यावर जाळून टाका. त्यांची छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. जमाखर्च पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि त्याची प्रत फायलीत लावा. त्याच फायलीत बांबोळीला पाठवलेल्या पत्राची प्रत, परवानग्यांच्या तारखा आणि कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा याची तुमच्या अक्षरातली टिपणे ठेवा, आणि ती फाइल पंचविशी ओलांडण्यापूर्वी गटातल्या सर्वांत धाकट्या सदस्याच्या हाती द्या. आमची फाइल सध्या अकरावीतल्या एका मुलीकडे आहे, आणि पंचायतीत अर्ज कधी टाकायचा, हे ती मला विचारत नाही.